जर, जेव्हा, मग : यंत्रासाठी लिहिलेल्या मराठी वाक्याची मीमांसा

ज्या संहितेला एकाच वेळी दोन वाचक असतात आणि त्यांतील एक तिचा अर्थ समजून घेतो, तर दुसरा तिला केवळ ओळखतो, अशा संहितेचे अर्थनिर्णयन कोणत्या निकषांवर करावयाचे, हा प्रश्न आपल्या परंपरेला सर्वस्वी नवा नाही. मंत्रांच्या संदर्भात तो निरुक्तकाळीच उपस्थित झालेला आहे. गेल्या दोन दशकांत मात्र हा प्रश्न एका अगदी वेगळ्या, वरकरणी रूक्ष वाटणाऱ्या क्षेत्रात नव्याने उभा राहिला आहे. संगणकाच्या आज्ञावल्या बरोबर चालतात की नाही हे तपासणाऱ्या चाचण्या ‘साध्या भाषेत’ लिहाव्यात, त्या व्यवहार जाणणाऱ्या पण संगणक न जाणणाऱ्या माणसाला वाचता याव्यात आणि तोच मजकूर यंत्रालाही चालवता यावा, अशी एक लेखनपद्धती रूढ झाली आहे. या पद्धतीचे अधिकृत मराठी रूपही उपलब्ध आहे. त्या मराठी रूपाचे वाचन करणे आणि त्यातून ‘नैसर्गिक भाषेची वाक्यरचना’ या शब्दप्रयोगामागे नेमके काय दडलेले आहे ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. डॅन नॉर्थ या ब्रिटिश तंत्रज्ञाने २००३ पासून ‘चाचणी’ या शब्दाऐवजी ‘वर्तन’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात आपली भूमिका मांडली. चाचणीचे नाव हे एक पूर्ण वाक्य असावे आणि त्या वाक्यात इंग्रजीतील ‘शुड’ हे साहाय्यक क्रियापद असावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ख्रिस मॅट्स या व्यवसाय-विश्लेषकाबरोबर झालेल्या विचारविनिमयातून ‘गिव्हन – व्हेन – देन’ हा त्रिपदी साचा तयार झाला. २००८ च्या सुमारास आस्लाक हेलेसॉय यांनी या साच्यातील मजकूर प्रत्यक्ष चालवणारे ‘क्यूकंबर’ हे साधन घडवले. ज्या लिपिबद्ध शिस्तीत तो मजकूर लिहावयाचा तिचे नाव ‘गर्किन’, म्हणजे लोणच्याची लहान काकडी. (तंत्रज्ञांच्या नामकरणातील हा पोरकटपणा आपण सोडून देऊ, पण त्याची एक खूण पुढे उपयोगी पडेल.) गर्किनच्या आरंभशब्दांची भाषांतरे सत्तरांहून अधिक भाषांत झाली आहेत. त्यांत मराठी आहे. त्यांत समुद्री चाच्यांची इंग्रजी, मांजरांच्या तोंडी घातलेली विनोदी इंग्रजी आणि प्राचीन इंग्रजी यांनाही मराठीच्याच पंक्तीत पान मांडलेले आहे.

मराठी सूचीत ‘फीचर’साठी ‘वैशिष्ट्य’ आणि ‘सुविधा’, ‘बॅकग्राउंड’साठी ‘पार्श्वभूमी’, ‘सिनॅरिओ’साठी ‘परिदृश्य’, ‘गिव्हन’साठी ‘जर’ आणि ‘दिलेल्या प्रमाणे’, ‘व्हेन’साठी ‘जेव्हा’, ‘देन’साठी ‘मग’ आणि ‘तेव्हा’ असे शब्द आहेत. ‘आणि’, ‘तसेच’, ‘पण’, ‘परंतु’ ही उभयान्वयी अव्ययेही आहेत. या सामग्रीतून तयार होणारी एक संहिता उदाहरणादाखल रचून पाहू. विषय ग्रंथालयाचा घेतला आहे:

परिदृश्य: मुदत उलटलेले पुस्तक परत करणे
जर वाचकाकडे मुदत उलटून ३ दिवस झालेले पुस्तक आहे
जेव्हा तो ते पुस्तक परत करतो
मग त्याला ६ रुपये दंड आकारला जातो

मराठी वाचकाला या चार ओळी समजतात, यात शंका नाही. पण त्या मराठी आहेत काय? ‘जर’ हे अव्यय मराठी वाक्यात एक ऋण निर्माण करते आणि ‘तर’ने ते फेडावे लागते. ‘जर–तर’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जसा–तसा’, ‘जो–तो’ या सापेक्ष जोड्या हा मराठी मिश्रवाक्याचा कणा आहे. दादोबा पांडुरंगांपासून मोरो केशव दामल्यांपर्यंत आपल्या व्याकरणकारांनी मिश्रवाक्याचा विचार करताना या संबंधाला पुरेसे महत्त्व दिले आहे. वरील संहितेत ‘जर’ उच्चारले जाते, त्याचे ‘तर’ कधीच येत नाही. मध्ये ‘जेव्हा’ येते, आणि शेवटी ‘मग’ किंवा ‘तेव्हा’. ‘तेव्हा’ घेतले तर ‘जेव्हा’ची सोय होते, ‘जर’ मात्र तसेच लोंबकळत राहते. सूचीत ‘तर’ हा शब्दच नाही. वाक्याच्या तीन ओळी एकमेकींशी अन्वित होत नाहीत. त्या केवळ एकीखाली एक ठेवलेल्या आहेत.

हा दोष भाषांतरकाराच्या निष्काळजीपणाचा आहे असे मानून पुढे जाणे सोपे आहे. मला तो तसा वाटत नाही. इंग्रजीतील ‘गिव्हन’ हे संकेतार्थी अव्यय नाही. ते भूतकालवाचक धातुसाधित आहे आणि त्याच्या मागे भूमितीची दीर्घ परंपरा आहे. युक्लिडच्या एका ग्रंथाचे नावच मुळी ‘दिलेल्या गोष्टी’ या अर्थाचे आहे. ‘गिव्हन’ म्हणताना वक्ता काही शक्यता सुचवीत नाही. तो एक वस्तुस्थिती मांडून ठेवतो आणि तिच्याविषयीचा वाद मिटवून टाकतो. चाचणीतही असेच घडते. यंत्र ‘समजा असे झाले तर’ असा विचार करीत नाही. ते स्मृतिकोशात खरोखरच एक वाचक निर्माण करते, एक पुस्तक त्याच्या नावावर चढवते आणि त्याची तारीख मागे नेते. म्हणजे जे मराठी संहितेत संकेतार्थी आहे ते यंत्राच्या व्यवहारात निश्चयार्थी आहे. ‘जर’ने पहिल्याच ओळीत वाक्याचा अर्थप्रकार बदलून टाकला आहे.

‘गिव्हन’साठी मराठीत शब्द नव्हता असेही नाही. मराठी माध्यमातून शालेय भूमिती शिकलेल्या प्रत्येकाने वहीच्या डाव्या कडेला ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘सिद्धता’ हे शब्द एकाखाली एक लिहिलेले असतात. त्रिकोण दिलेला आहे, त्याच्या दोन बाजू समान आहेत: हा पक्ष. हे शब्द न्यायशास्त्रातून पाठ्यपुस्तकात आले आणि तेथे मूळ अर्थापासून थोडे सरकले. ज्याच्या ठायी साध्य सिद्ध करावयाचे तो नैयायिकांचा पक्ष आणि भूमितीतील ‘दिलेले’ ही एकच गोष्ट नव्हे. परंतु रूढीने तो शब्द पक्का झालेला आहे आणि तो ‘गिव्हन’चे काम तंतोतंत करतो. अंकगणिताच्या पुस्तकातला ‘समजा’ हाही शब्द जवळ होता. जर्मन सूचीतील ‘आंगेनोमेन’ या शब्दाचा भाव तोच आहे. तरीही सूचीत ‘जर’ आले, कारण भाषांतरकाराने ‘गिव्हन’ला संकल्पना म्हणून पाहिले नाही, वाक्याच्या आरंभी येणारा अव्ययसदृश शब्द म्हणून पाहिले, आणि तशा शब्दाची गरज त्याच्यावर साधनानेच लादली होती.

गर्किनमध्ये प्रत्येक पायरी ओळीच्या आरंभी येणाऱ्या शब्दावरून ओळखली जाते. हा नियम निरुपद्रवी दिसतो, पण त्यात एका विशिष्ट भाषाकुलाची सवय गोठलेली आहे. उपवाक्याचा मुख्य वाक्याशी असलेला संबंध उपवाक्याच्या आरंभी सांगावयाचा, ही इंग्रजीची रीत. मराठीजवळ ‘जर’, ‘जेव्हा’ यांच्या रूपाने ती रीत आहे. पण त्याबरोबरच संबंध उपवाक्याच्या शेवटी, धातूला लागलेल्या प्रत्ययातून सांगण्याची रीतही आहे आणि बोलण्यात व चांगल्या गद्यात तीच अधिक सहज असते. ग्रंथपाल हा नियम सांगताना म्हणेल: ‘पुस्तक तीन दिवस उशिरा आणून दिल्यास सहा रुपये दंड पडतो.’ ‘असताना’, ‘केल्यावर’, ‘दिल्यास’, ‘झाल्याखेरीज’ या कृदन्तांनी आणि शब्दयोगी अव्ययांनी मराठी आपले कार्यकारण विणते. गर्किनला हे मराठी दिसू शकत नाही, कारण संबंधाची खूण ओळीच्या टोकाला आहे. ‘दिलेल्या प्रमाणे’ या दुसऱ्या पर्यायाची विपरीत अवस्था यातूनच झाली आहे. ‘प्रमाणे’ हे शब्दयोगी अव्यय. ते आधीच्या शब्दाला लागते. सूचीत ते त्यापासून तोडून लिहिले आहे आणि पुढे येणाऱ्या वाक्याच्या डोक्यावर बसवले आहे. ‘दिलेल्याप्रमाणे वाचकाकडे पुस्तक आहे’ या ओळीत दिले काय आणि कशाप्रमाणे, याचा बोध होत नाही.

मराठी येथे एकटी नाही. जपानी सूचीत पहिल्या पदासाठी ‘पूर्वगृहीत’ या अर्थाचा ‘झेन्तेइ’ हा शब्द आहे, आणि तो नेमका आहे. परंतु तिसऱ्या पदासाठी ‘नाराबा’ योजला आहे, जो जपानीत संकेतार्थी उपवाक्याच्या अंती येतो. तो उचलून पुढील ओळीच्या आरंभी ठेवावा लागला आहे. हिंदी सूचीत ‘व्हेन’साठी ‘जब’ याच्या जोडीला ‘कदा’ आणि ‘देन’साठी ‘तदा’ दिलेले आढळते. संस्कृतात ‘यदा–तदा’ ही सापेक्ष जोडी. ‘कदा’ हा प्रश्न आहे. कोणीतरी ‘व्हेन’ या इंग्रजी शब्दाचे दोन वेगळे उपयोग, एक प्रश्नार्थक आणि एक संबंधी, एकच मानून पहिल्याचे भाषांतर दुसऱ्याच्या जागी ठेवले. इंग्रजी शब्दाचा द्व्यर्थ भाषांतराच्या पेटीतून संस्कृतात उतरला आहे. ‘परिदृश्य’ हा शब्दही हिंदी सूचीत आहे आणि मराठीत तो तेथूनच आला असावा असे मानण्यास जागा आहे. नाटकाची एवढी समृद्ध परंपरा असलेल्या भाषेला ‘प्रसंग’ किंवा ‘प्रवेश’ हे शब्द सुचू नयेत, याचे दुसरे कारण दिसत नाही.

येथपर्यंतचे विवेचन भाषांतरचिकित्सेचे झाले. खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. मराठी वाक्याचा अन्वय इतका मोडलेला असूनही संहिता चालते, यंत्र अडखळत नाही, हे कसे?

याचे उत्तर असे की यंत्र अन्वय पाहतच नाही. पायरीचा आरंभशब्द ओळखून बाजूला काढल्यानंतर उरलेली अक्षरमालिका एका साच्याशी ताडून पाहिली जाते. ती जुळली की त्या साच्याला जोडलेला आज्ञावलीचा तुकडा चालवला जातो. क्यूकंबर हा तुकडा शोधताना आरंभशब्दाचा विचारच करीत नाही. ‘जर’च्या जागी ‘मग’ लिहिले तरी तोच तुकडा सापडतो. ‘सुविधा’ या शीर्षकाखाली जो उद्देश विस्ताराने लिहावयाचा असतो (अमुक म्हणून मला तमुक हवे, म्हणजे अमके साध्य होईल) तो यंत्र सोडूनच देते. दुसऱ्या शब्दांत, ज्या शब्दांमुळे या मजकुराला वाक्यरचनेचे, कथनाचे आणि हेतूचे रूप येते, नेमके तेच शब्द चालवण्याच्या दृष्टीने निरर्थक आहेत.

‘निरर्थक’ हा शब्द मी कौत्साचे स्मरण ठेवून वापरतो. मंत्र निरर्थक आहेत, हे त्याचे मत यास्काने निरुक्तात नोंदवून खोडून काढले आहे. कौत्साची दोन कारणे येथे विचारात घेण्यासारखी आहेत. एक असे की मंत्रांतील शब्द आणि त्यांचा क्रम नियत असतो, समानार्थी शब्द घालून चालत नाही. लौकिक भाषेत तसे नसते. दुसरे असे की मंत्राचा विनियोग कोठे करावयाचा हे मंत्र स्वतः सांगत नाही, ब्राह्मणग्रंथ सांगतो. चाचणीच्या पायरीला ही दोन्ही कारणे शब्दशः लागू पडतात. ‘दंड आकारला जातो’ऐवजी ‘दंड होतो’ लिहिले की साचा जुळत नाही आणि पायरी ‘अव्याख्यात’ ठरते. आणि पायरीने काय घडवावयाचे हे पायरीत नसून अन्यत्र, आज्ञावलीत लिहिलेले असते. यास्काचे एक उत्तर असे होते की क्रमाची नियती लौकिक भाषेतही असते. काही जोडशब्द ठरलेल्या क्रमानेच येतात. ते उत्तर मंत्रांच्या बाबतीत टिकते, कारण मंत्र ऐकणारा माणूस असतो. पायरीच्या बाबतीत कौत्साची बाजू बळकट आहे, पण पहिल्या वाचकापुरतीच, म्हणजे यंत्रापुरती. दुसरा वाचक, ग्रंथपाल किंवा बँकेतील अधिकारी, त्याच ओळी अर्थ लावून वाचतो आणि त्या अर्थाला संमती देतो.

या फटीतच सर्व जोखीम साठलेली आहे. ‘मग त्याला ६ रुपये दंड आकारला जातो’ या पायरीला जोडलेला तुकडा रिकामा ठेवला, तर कोणतीही त्रुटी उद्भवत नाही, म्हणून पायरी उत्तीर्ण ठरते आणि हिरव्या रंगात उमटते. वाक्य सत्य असल्याचा निर्वाळा मिळतो. दंड कोणी आकारलेला नसतो. जेथे सहा रुपयांच्या जागी औषधाची मात्रा असेल, किंवा शिधापत्रिकेवरील धान्याचा हक्क असेल, तेथे या हिरव्या रंगाचे मोल काय, हे सांगावयास नको. साध्या भाषेत लिहिल्यामुळे मजकूर पारदर्शक झाला, असा या पद्धतीचा दावा असतो. वस्तुतः पारदर्शकता वाक्यात नाही. ती वाक्य आणि तुकडा यांना जोडणाऱ्या माणसाच्या सचोटीत आहे, आणि ती जोडणी संमती देणाऱ्या वाचकाला दिसत नाही. प्रतीक आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरप्रणीत तत्त्व आपण सवयीने उच्चारतो. पण भाषेत त्या यादृच्छिकतेला समाजाच्या रूढीचा आधार असतो. येथे तो आधार एका व्यक्तीच्या एका दुपारच्या कामाइतका आहे.

या पद्धतीचे जाणते पुरस्कर्ते यावर म्हणतील की साधन गौण आहे, मजकूर लिहिण्यापूर्वी व्यवहार जाणणारा आणि आज्ञावली लिहिणारा यांच्यात जे बोलणे होते ते मुख्य. हे म्हणणे प्रामाणिक आहे आणि बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र ते मान्य केले की संहितेचे स्वरूप बदलते: ती त्या बोलण्याचे इतिवृत्त ठरते. इतिवृत्त आणि आज्ञा यांच्यातील भेद एलिझाबेथ अॅन्स्कम यांनी १९५७ च्या ‘इंटेन्शन’ या ग्रंथात बाजाराच्या यादीच्या दृष्टान्ताने दाखवला आहे. ग्राहक यादीप्रमाणे वस्तू घेतो. त्याच्या पाळतीवर असलेला हेर त्याने घेतलेल्या वस्तूंची यादी करतो. दोन्ही याद्यांत तेच शब्द असू शकतात. पण यादी आणि टोपली जुळली नाहीत तर पहिल्या प्रकरणी चूक कृतीची असते, दुसऱ्या प्रकरणी यादीची. चाचणीची संहिता या दोन्ही याद्या एकाच कागदावर असते. आज्ञावली लिहिली जाण्यापूर्वी ती आज्ञा असते आणि तिचे लाल होणे अपेक्षितच असते. लिहिली गेल्यानंतर ती वृत्त होते. पुढे वर्षभराने ती पुन्हा लाल झाली, तर चूक कोणाची, नियम बदलला की आज्ञावली बिघडली, हे संहितेतून कळत नाही.

नॉर्थ यांचा ‘शुड’चा आग्रह या संदर्भात पाहण्यासारखा आहे. ‘शुड’मध्ये कर्तव्य आणि अपेक्षा एकत्र नांदतात, ‘असे व्हायला हवे’, आणि त्याच वेळी ‘खरेच असे व्हायला हवे का?’ हा प्रश्न. मराठीत त्याच्या जवळ जाणारा विध्यर्थ आहे: ‘दंड आकारावा’. पण मराठी विध्यर्थाचा पल्ला मोठा आहे. विधी, योग्यता, इच्छा, परवानगी हे सारे त्यात मावते. शासकीय परिपत्रकात तो आज्ञा असतो, आजीच्या बोलण्यात तो सल्ला असतो. मीमांसकांनी विध्यर्थक प्रत्ययाची प्रेरक शक्ती कोणाला प्रवृत्त करते हा प्रश्न शतकानुशतके चर्चिला. ‘आकारावा’ हे कोणाला उद्देशून आहे? ग्रंथपालाला, आज्ञावलीकाराला, की यंत्राला? याउलट ‘आकारला जातो’ हा कर्मणी वर्तमानकाळ कोणालाच उद्देशून नाही. त्यात कर्ता लुप्त आहे आणि जणू निसर्गनियम सांगितला जातो आहे. गर्किनमधील शेवटची पायरी बहुधा याच रूपात लिहिली जाते. मीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर विधी सिद्धवस्तूच्या वेषात वावरतो. आणि ‘सुविधा’खालचा हेतूचा परिच्छेद, ज्याकडे यंत्र पाहत नाही, तो अर्थवाद होऊन बसतो. फरक एवढाच की मीमांसकांचा अर्थवाद विधीशी एकवाक्यतेने बांधलेला असतो. येथे तशी एकवाक्यता करून देणारे काही नाही.

नैसर्गिक भाषेचा आभास ही या क्षेत्रातील जुनी ओढ आहे. १९५९–६० मध्ये घडलेली ‘कोबोल’ ही भाषा क्रियापदे, नामे आणि पूर्णविराम घेऊन आली, ती व्यवस्थापकांना वाचता यावी म्हणूनच. तिच्या मागची प्रेरणा ज्यांची, त्या ग्रेस हॉपर यांनी पुढे सांगितलेली एक आठवण उद्‌बोधक आहे. आपला अनुवादक-प्रोग्रॅम इंग्रजीप्रमाणे फ्रेंच व जर्मन शब्दही स्वीकारतो, हे त्यांनी वरिष्ठांना दाखवले, तेव्हा ते धास्तावले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कशी कळेल, असे त्यांना वाटले. हॉपर यांना दाखवायचे होते ते उलट होते: यंत्राला इंग्रजीही कळत नव्हती, सर्व भाषा त्याला सारख्याच अपरिचित होत्या. सत्तर भाषांच्या आजच्या सूचीकडे पाहून आपण भाषिक समतेचा आनंद मानतो. हॉपर यांच्या वरिष्ठांची समजूत आणि आपला आनंद यांत फारसे अंतर नाही. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस नैसर्गिक भाषेत आज्ञावली लिहिण्याच्या कल्पनेला मूर्खपणाच म्हटले. औपचारिक चिन्हे हे ओझे नसून सोय आहे, त्यांच्यामुळे कितीतरी निरर्थक गोष्टी लिहिताच येत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. त्यातला तुच्छतेचा सूर वजा केला तरी मुद्दा उरतो. तथापि ग्रॅहॅम नेल्सन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेली ‘इन्फॉर्म ७’ ही संवादी कथालेखनाची भाषा त्याला अपवाद म्हणून दाखवता येते. तेथे इंग्रजी वाक्याचे खरोखर पृथक्करण होते. खोली, वस्तू आणि त्यांचे संबंध वाक्यांतूनच निर्माण होतात. तेथे वाक्यरचना शोभेची नाही.

आणि पाणिनी. त्याचे नाव या संदर्भात घेताना सावध राहिले पाहिजे, कारण रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या लेखानंतर ‘संगणकाला सर्वांत योग्य भाषा संस्कृत’ हे वाक्य सभासमारंभांतून इतके फिरले आहे की मूळ मुद्दा हरवला. अष्टाध्यायीत संस्कृतच्या नैसर्गिक विभक्तींना तांत्रिक अर्थ दिलेले आहेत: षष्ठी म्हणजे ‘च्या जागी’, पंचमी म्हणजे ‘च्या नंतर’, सप्तमी म्हणजे ‘च्या पूर्वी’. सूत्राला क्रियापदाची गरज उरत नाही. नैसर्गिक भाषेची वाक्यरचना वापरून नियम लिहिण्याचे याहून प्रौढ उदाहरण माझ्या माहितीत नाही. परंतु पाणिनी हे गुपचूप करीत नाही. आपण विभक्तींचा अर्थ बदलला आहे, हे तो परिभाषासूत्रांत उघड सांगतो. वाचकाशी करार आधी होतो, नियम नंतर येतात. गर्किनचा वाचकाशी असलेला करार मात्र अलिखित आहे, आणि जो लिहिला आहे तो वाचकाला वाचता न येणाऱ्या भाषेत.

पाणिनीच्या निमित्ताने मराठीच्या विभक्तींकडेही वळले पाहिजे, कारण अडचण केवळ अव्ययांची नाही. साच्यात जेथे बदलते नाव यावयाचे तेथे एक रिकामी जागा ठेवतात. इंग्रजीत नाव त्या जागेत जसेच्या तसे बसते, आणि अनेकवचनाचा ‘एस्’ ऐच्छिक ठरवण्याची सोयही साधनात आहे. मराठीत नाव तसेच राहत नाही. ‘शाळा’ची ‘शाळेला’ होते, ‘घोडा’चे ‘घोड्याने’ होते. प्रत्यय तोडून काढला तरी हाती लागते ते सामान्यरूप, मूळ शब्द नव्हे. ‘शाळा’ आणि ‘शाळे’ ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी नावे. क्रियापदही कर्माप्रमाणे वळते: पुस्तक परत केले, वही परत केली, कोश परत केला, एका क्रियेला तीन साचे. अनुभवी लिहिणारा यातून वाट काढतो ती भाषा सपाट करून: नाव अवतरणचिन्हांत कोंडावयाचे आणि ‘या वाचकाला’, ‘या वस्तूचे’ असे काहीतरी त्यामागे जोडावयाचे. प्रत्ययांचे काम शब्दांवर ढकलले जाते. अंकांची गत त्याहून वाईट. रूबी, जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांत अंक ओळखणारे रूढ चिन्ह फक्त आंतरराष्ट्रीय (इंग्रजी) अंक ओळखते. वर मी लिहिलेल्या संहितेतील ‘३’ आणि ‘६’ त्यांच्या दृष्टीने अंकच नाहीत. देवनागरी अंकांत लिहिलेला दंड वसूल होण्यासाठी वेगळा साचा मुद्दाम लिहावा लागेल.

२०२२ च्या अखेरीपासून मोठी भाषाप्रतिमाने सर्वांच्या हाती आली आणि साध्या वाक्यावरून आज्ञावली लिहून घेणे हा नित्याचा व्यवहार झाला. त्यामुळे वरील चर्चा कालबाह्य झाली असे कोणी म्हणेल. एका अर्थाने स्थिती उलटली आहे. नव्या वाचकाला ‘दिल्यास’ आणि ‘केल्यावर’ चालते, ‘शाळेला’ म्हणजे शाळा हे त्याला बहुधा कळते, ‘३’ हा अंकही तो ओळखतो. जो वाचक शब्द केवळ ओळखत होता त्याच्या जागी अर्थ लावणारा वाचक आला आहे. पण अर्थ लावणारा वाचक आला की अर्थभेदही येतो. एकाच वाक्यावरून आज एक तुकडा निघेल, उद्या दुसरा. गर्किनचा करार क्षुद्र असला तरी अढळ होता, हा करार समजूतदार आहे आणि चंचल आहे. आता अनेक ठिकाणी चाचणीचे वाक्यही प्रतिमान लिहिते आणि त्याला जोडलेला तुकडाही तेच लिहिते. बाजाराची यादी आणि हेराची यादी एकाच हाताने लिहिली जाते, तेव्हा त्या जुळल्या याचा पुरावा म्हणून उपयोग किती, हा प्रश्न अॅन्स्कम यांच्या दृष्टान्तात नव्हता.

मराठी सूची सुधारण्यास मात्र काहीच अडचण नाही. ती सर्वांना खुली आहे, आणि तिच्यात नवे पर्याय घालता येतात. ‘गिव्हन’साठी ‘पक्ष’ किंवा ‘समजा’, ‘सिनॅरिओ’साठी ‘प्रसंग’, आणि ‘देन’च्या पर्यायांत ‘तर’ एवढी भर घातली तरी वाक्य उभे राहील. ‘समजा वाचकाकडे मुदत उलटलेले पुस्तक आहे, जेव्हा तो ते परत करतो, तेव्हा त्याला दंड आकारला जातो’ हे मराठी आहे. या बदलाने यंत्राच्या वर्तनात कणभरही फरक पडणार नाही. फरक पडेल तो, त्या ओळींखाली संमतीची सही करणाऱ्या माणसाला, आपण कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आणि कोणत्या सिद्ध व्हायच्या आहेत, हे कळण्यात.